गाडी सोडू का पुडी सोडू?

पत्र:

ताई, नमस्कार. मी झेडपी शाळेवर शिक्षक आहे, वय ३९. राहायला लातूरला, शाळा निलंग्याकडं एका गावात, रोज अप-डाउन. आम्ही पाच जण एका गाडीनं जातो, पेट्रोल वाटून घेतो. माणसं लई चांगली आहेत, माझ्या वडलांच्या ऑपरेशनच्या टायमाला रात्रभर दवाखान्यात बसून होती. पण बदली होऊन इकडं आलो तेव्हा मला सुपारीचंबी व्यसन नव्हतं, आता दिवसाला पाच-सहा पुड्या होतात. रविवारी घरी असलो की एखादीवर भागतं. सकाळी फाट्यावर चहा, येताना चहा आन् भजे, शनिवारी सकाळची शाळा सुटली की ढाब्यावर बसणं. सहा वर्षांत वजन अकरा किलो वाढलं. आता तपासलं तर तीन महिन्यांची शुगर ६.२ निघाली, डॉक्टर म्हणले बॉर्डरवर हाव. बायको म्हणायली ते टोळकं सोडा, एसटीनं जा. मी दोनदा पुडी सोडली, गाडीत बसलं की परत चालू. वरून हे म्हणतात, सर लई शहाणे झाले. ताई, संगतीनं खरंच एवढं होतं का मीच कच्चा आहे? आणि गाडी सोडू का?

— एक अप-डाउनवाला, लातूर

उत्तर:

सर, नमस्कार. उत्तर आधीच सांगून टाकते म्हणजे मॅडमला वाचून दाखवता येईल. गाडी एवढ्यात सोडू नका. पुडी सोडायची, आणि ती गाडीत बसूनच सोडायची, कारण तुमची पुडी राहते गाडीत. तुम्हीच लिहिलंय की रविवारी घरी एखादीवर भागतं. जो माणूस रविवारी एकीवर दिवस काढतो तो सोमवारी सहा खातो म्हणजे तो कच्चा नाही हो, सोमवारी त्याच्या आजूबाजूला काहीतरी वेगळं आहे. तंबाखूची सवय अंगाला लागलीय ते खरंच, त्याचं पुढं बोलू, पण सहामधल्या चार-पाच पुड्या शरीर नाही मागत, गाडी मागते.

ती पुडी तुमच्या हातात येते कशी ते आठवून बघा. मी अशा गाड्यांतून पुष्कळ हिंडलेय म्हणून सांगते. लातूरच्या बाहेर पडलं की पुढच्या सीटवरचे सर खिशात हात घालतात, दातानं पुडीचा कोपरा फाडतात, त्यात तंबाखू टाकून अंगठ्यानं दोन टिचक्या मारतात, आपल्या तोंडात अर्धी सोडतात आणि उरलेली मान न वळवता खांद्यावरून मागं करतात. मागं कोण बसलंय, त्याला पाहिजे का नको, काही विचारणं नाही. मागून एक हात पुढं येतोच. बोलणं चालूच असतं, इन्क्रिमेंटचं, ऑनलाइन माहिती आज रात्रीच भरायची त्याचं, कुणाच्या पोरीला नीटला किती पडले त्याचं. ह्या सगळ्यात नाही म्हणायला जागाच कुठाय, कारण कुणी विचारलेलंच नसतं. तुम्ही दोनदा सोडली आणि दोन्ही वेळा गाडीत परत लागली ती अशी लागली, मन घट्ट नव्हतं म्हणून नाही तर हात रिकामा होता म्हणून.

आता संगतीनं खरंच एवढं होतं का, ह्याचं उत्तर जरा लांबवते कारण तुम्ही शिक्षक आहात, तुम्हाला नुसतं "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या" सांगून भागणार नाही, ती म्हण तुम्ही दरवर्षी पोरांना शिकवता.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधे फ्रेमिंगहॅम नावाचं गाव आहे. तिथल्या लोकांची तब्येत १९४८ पासून तपासत आलेत, मुळात हार्टच्या आजारासाठी. पुढच्या तपासणीला माणूस सापडावा म्हणून फॉर्मवर नातेवाइकांची आणि एखाद्या जवळच्या मित्राची नावं लिहून घ्यायचे. त्या जुन्या कागदांवरून क्रिस्ताकिस आणि फाउलर ह्या दोघांनी १२,०६७ माणसांचं जाळं मांडलं, १९७१ पासून २००३ पर्यंतचं, आणि २००७ मधे छापलं की एखाद्याचा मित्र लठ्ठ झाला तर त्या माणसाची लठ्ठ व्हायची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते, भाऊ-बहीण झाले तर ४० टक्क्यांनी, नवरा-बायकोत ३७ टक्क्यांनी. गंमत म्हणजे शेजाऱ्याचं काहीच लागत नाही. भिंतीला भिंत लागून राहणारा कितीही सुटू द्या, आपण ज्याला मित्र मानतो त्याचंच लागतं.

हे आकडे तेव्हा जगभर गाजले. पण पुढच्याच वर्षी दोन अर्थशास्त्रज्ञांनी असाच हिशोब मुरमं, डोकेदुखी आणि उंची ह्यांच्यावर लावून दाखवला, तर उंचीसुद्धा मित्राकडून लागते असं निघालं! उंची काय लागते का कुणाला. त्यांचं म्हणणं एवढंच की एकसारखी माणसं एकमेकांना शोधतात, आणि एकाच जागी राहणाऱ्यांना एकच गोष्ट घडते, फाट्यावर नवीन भजेवाला बसला तर पाचही जणांचं पोट सुटणार, त्यात कुणी कुणाला बिघडवलं नाही. हे म्हणणं बिनतोड आहे, म्हणून तो ५७ चा आकडा मी कुणाला छातीठोकपणे सांगत नाही.

मला पटतो तो दुसराच अभ्यास, अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकॅडमीतला, २०११ मधला. तिथं नवीन पोरं स्क्वाड्रनमधे, म्हणजे तुकड्यांत, वाटून देतात, कुणी कुणाबरोबर राहायचं हे पोरं ठरवत नाहीत, त्यामुळं आळशी म्हणून आळश्यात जाऊन बसला असं म्हणायला वावच नाही. आणि तरी ज्यांच्या वाट्याला शाळेपासूनच कमी फिट असलेली पोरं जास्त आली त्यांचा फिटनेस घसरला. सगळ्यात जास्त ओढत होते ते सगळ्यात ढिले.

हे मी मुद्दाम तुम्हाला सांगतेय, कारण सर, तुमची संगत तुम्ही कुठं निवडली? झेडपीच्या बदलीनं निवडली. पोर्टलवर नाव आलं, शाळा मिळाली, लातूरहून त्या बाजूला जाणारी गाडी एकच, त्यात एक सीट रिकामी. तुम्ही पुडीवाले शोधत गेला नव्हता, त्यामुळं "तुम्हाला तसलेच लोक आवडतात" असं कुणी म्हणालं तर ते काही खरं नाही, आणि "मीच कच्चा" हे तुमचंही अर्धंच खरं.

पण थांबा, लगेच खुश होऊ नका. ते चौघंपण असेच बदलीनं आलेत. त्यांच्या घरीपण कुणीतरी म्हणत असेल की ते टोळकं सोडा, आणि त्या टोळक्यात तुम्ही आलात. पुडी मागं जाते तेव्हा मागून जो हात पुढं येतो तो तुमचा असतो, आणि त्या हातामुळं पुढच्याला वाटतं सगळेच खातायत. तुम्ही सोडलीत की त्याचं गणित थोडंसं बिघडणार, हे मी आशेवर बोलत नाही. त्याच फ्रेमिंगहॅमच्या लोकांचा सिगारेट सोडण्याचाही हिशोब २००८ मधे आला, तर लोक एकेकटे नाही, घोळक्यानं सोडत गेले. नवराबायकोपैकी एकानं सोडली तर दुसऱ्याची ओढायची शक्यता ६७ टक्क्यांनी कमी, मित्रानं सोडली तर ३६, आणि लहान कंपनीत बरोबर काम करणाऱ्यानं सोडली तर ३४ टक्क्यांनी. पाच जणांचा स्टाफ म्हणजे लहानच की. अजून एक होतं त्यात, जास्त शिकलेल्या मित्रांचा एकमेकांवर परिणाम जास्त झाला. डीएड-बीएड झालेल्यांची गाडी ह्यात बसते का नाही तुम्हीच बघा. उंचीवाला आक्षेप ह्या आकड्यांनाही लागू आहे, पण दिशा उलटी होऊ शकते एवढं कळायला पुरे.

आता मुद्द्याचं, करायचं काय.

आपल्याकडं एक गोष्ट बघितलीय का, माळकरी माणसाला कुणी आग्रह करत नाही. ढाब्यावर सगळे मटण खात असतील तर त्याच्यासाठी शेवभाजी वेगळी येते, तीपण वेगळ्या कढईतली आहे ना असं वेटरला दुसरेच विचारतात. रमजानमधे गाडीत एखादे सर रोज्याचे असले तर त्या महिन्यात पुडी त्यांच्या पुढून जाते पण त्यांच्याकडं येत नाही, चहाला थांबलं तरी बाकीचे जरा लाजत लाजतच पितात. आणि श्रावण? गटारीला उताणे पडलेले लोक दुसऱ्या दिवसापासून महिनाभर बाटलीला शिवत नाहीत, कुणाला समुपदेशन लागत नाही, गोळी लागत नाही, कारण सगळ्यांचं एकदम बंद असतं. म्हणजे आपल्या लोकांना दुसऱ्याचा नेम पाळू देता येतो, फक्त तो नेम आहे हे कळलं पाहिजे. "शुगर जरा वाढलीय, कमी करायलोय" हा नेम नाही. ही चर्चेला दिलेली जागा आहे, "एवढ्यानं काय होतंय सर, माझा मामा साठ वर्षं खायला", झालं, गेलात. कमी करायलोय म्हणूच नका. "मी सोडली." संपलं. कारण विचारलं तर परत तेवढंच. तुळजापूरला जाऊन आईसमोर सोडली म्हणालात तर अजून बरं, पण खरंच जाऊन या, खोटं बोलून गाडीत टिकत नाही, पाच माणसांत एकाला तरी कळतंच.

आणि हे चौघांना एकदम गाडीत सांगू नका. पाच जणांसमोर बोललं की चेष्टा होणार, चेष्टा करणाराही मनातून वाईट नसतो, त्याला बाकीच्यांसमोर काहीतरी बोलणं भाग असतं. आधी एकाला धरा. कुणाला? ज्याची गाडी आहे त्याला. कुठं थांबायचं, किती वेळ थांबायचं, हे स्टेअरिंगवरचा माणूस ठरवतो, बाकीचे नुसतं "हां हां" करतात. वडलांच्या ऑपरेशनच्या रात्री जे दवाखान्यात बसले त्यात हे सर होतेच ना? मग त्यांना शाळेच्या मागच्या बाजूला न्या, रिपोर्ट मोबाइलवर दाखवा आणि एकच मागणी करा, मागं पुडी आली की मला देऊ नका, आणि दुसऱ्यानं दिली तर तुम्ही म्हणा की सरांनी सोडलीय. आपल्यासाठी दुसरा बोलला की त्याचं वजन वेगळं पडतं. एवढी मागणी ऐकणार नाही असा माणूस रात्रभर दवाखान्यात बसत नाही.

सीटपण बदला. हसू नका, मागच्या सीटवर मधे बसणारा सगळ्यांच्या देवाणघेवाणीचा पूल असतो, डावीकडची पुडी त्याच्याच हातून उजवीकडं जाते. खिडकीला बसा, हातात काहीतरी ठेवा, पाण्याची बाटली, चेक करायच्या वह्या, काहीही. तोंडात बडीशेप, लवंग, ओवा चालतो. सुपारी मात्र नको, "नुसती सुपारी आहे, तंबाखू नाही" म्हणून पुष्कळ जण तिच्यावर येतात आणि तिथंच राहतात. नुसती सुपारीपण कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २००४ मधेच यादीत टाकलंय, आणि तोंड आखडतं ते तर मुख्यतः सुपारीमुळंच.

त्यावरून आठवलं, आज रात्री आरशासमोर उभे राहा आणि तोंड पूर्ण उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का बघा. दोनच जात असतील, किंवा हल्ली ठेचा-भाकरी खाताना आधीपेक्षा जास्त आग होत असेल, गालाची आतली कातडी पांढरट ताठर लागत असेल, नाहीतर एखादा फोड दोन-तीन आठवडे होऊनही बसला नसेल, तर शुगर नंतर, आधी दाताच्या डॉक्टरकडं. सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातही दाखवता येतं. आग व्हायला लागली की लोक तिखट सोडतात, पुडी नाही सोडत, इतकं उलटं डोकं मी दुसऱ्या कुठल्या आजारात बघितलेलं नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, शाळेपासून १०० यार्डाच्या आत तंबाखू विकायला कायद्यानं मनाई आहे, तसा बोर्ड तुमच्याच शाळेच्या भिंतीवर असेल, आणि तो बोर्ड रंगवून घेणारे सर गाडीत काय करतात हे पोरांना माहीत असतं बरं का, पोरांना सगळं माहीत असतं.

सोडल्यावर पहिले तीन दिवस जड जातात. चिडचिड, डोकं धरणं, झोप नीट न येणं, वर्गात पोरांवर विनाकारण ओरडणं. मग हळूहळू उतरतं, दोन ते चार आठवड्यांत बरंचसं निवळतं. तल्लफ आली की ती काही मिनिटांची असते, तेवढी काढायची. म्हणून सोमवारी सुरू करू नका, सोमवारपासून म्हणणारे सगळे सोमवारी गाडीतच असतात. शुक्रवारी संध्याकाळी घरी आल्यावर बंद करा आणि शनिवारची एक किरकोळ रजा टाका, म्हणजे सगळ्यात वाईट दिवसांतले दोन घरी निघतात, सोमवारी गाडीत बसाल तेव्हा कडा अर्धा उतरलेला असेल. अगदीच जमत नसेल तर मेडिकलवर निकोटिन गम मिळतं, डॉक्टरांना विचारून घ्या, पण ते च्युइंगमसारखं कराकरा चावायचं नसतं, दोन-चारदा चावून झणझणलं की गालात दाबून ठेवायचं, ती कला तर तुम्हाला येतेच. आणि १८००-११२-३५६ हा सरकारी नंबर फुकट आहे, तंबाखू सोडायला मदत करतात. फोन करायला लाज वाटते म्हणणाऱ्यांना मी विचारते की टपरीवर पुडी मागताना वाटते का.

आता शुगर. ६.२ म्हणजे डायबेटिस नाही, ५.७ ते ६.४ ह्याला प्रीडायबेटिस म्हणतात, ६.५ पासून पुढं डायबेटिस. म्हणजे तुम्ही उंबरठ्यावर आहात आणि इथून मागं फिरता येतं, चेन्नईच्या डॉक्टरांनी २००६ मधे भारतीय लोकांवरच दाखवलंय की चालणं आणि खाण्यातले बदल एवढ्यानं प्रीडायबेटिसवाल्यांमधे डायबेटिस होण्याचं प्रमाण साधारण २८ टक्क्यांनी कमी होतं. कुठलीही जादू नव्हती त्यात.

तुमच्या चहाचा हिशोब मांडू. सकाळी घरी एक, फाट्यावर एक, मधल्या सुट्टीत एक, येताना एक. आपल्याकडच्या हॉटेलच्या चहात कपाला दोन चमचे साखर धरली तर आठ चमचे, म्हणजे पस्तीस-चाळीस ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असली तर चांगलं. म्हणजे भजे, शनिवार, पोरांच्या वाढदिवसाचा केक काहीच न धरता तुम्ही नुसत्या चहातच पार. फाट्याचा चहा सोडू नका, तो तुमच्या गप्पांचा आहे, तो सोडलात की खरंच टोळक्यातून बाहेर पडल्यासारखं होईल. चहावाल्याला एकदा सांगून ठेवा की माझा बिनसाखरेचा वेगळा. तो पहिल्या दिवशी विसरेल, चौथ्या दिवसापासून तुम्ही गाडीतून उतरायच्या आत टाकेल.

भज्यांचं जरा अवघड आहे कारण साडेपाचला भूक खरी लागलेली असते, डबा दुपारी एकला खाल्लेला. भुकेल्या माणसाला मिरची भज्याच्या घाण्यासमोर उभं करून निर्धार शिकवू नये. म्हणून शाळा सुटताना काहीतरी पोटात टाकूनच गाडीत बसा, फुटाणे, भाजलेल्या शेंगा, घरचं ताक. आणि जास्तीचं आणा, सगळ्यांना पुरेल इतकं, आपली पिशवी पुढं मागं फिरू द्या. पुडी जशी न विचारता येते तशीच शेंगांची पिशवीपण न विचारता आली की हात त्यातपण जातो, मी बघितलंय. हिवाळ्यात तर रस्त्याच्या कडेला ओल्या हरभऱ्याचे ढाळे मिळतात, गाडीभर माणसं सोलत बसतात, फाटा आला तरी कळत नाही. मात्र ज्वारीची भाकरी म्हणजे शुगरला काही होतच नाही हे डोक्यातून काढा, भाकरी चांगलीच आहे, पण तीन भाकरी त्या तीनच, उसळ आणि पालेभाजी वाढवा, भाकरी एक कमी करा.

शनिवार. ह्याच्यावर मी मऊ बोलणार नाही. पहिला महिना ढाब्यावर जाऊच नका, आणि ते मित्र वाईट म्हणून नाही तर दोन घोट पोटात गेले की सोडलेली पुडी परत मागायला माणसाला दहा मिनिटं लागत नाहीत. महिन्यानंतर जा, पण आपली मोटरसायकल घेऊन जा, म्हणजे उठायचं कधी हे तुमच्या हातात राहतं. घोळक्यात माणूस जास्त खातो, कारण बसणंच लांबतं, एक "स्टार्टर" अजून, एक रोटी अजून, बिल वाटून आहे मग आपणच का कमी. म्हणून आधी जेवण सांगा, जेवा, आणि उठा.

मॅडमला माझ्यातर्फे एक सांगा. एसटीचा सल्ला रागात दिलेला असला तरी अगदीच चुकीचा नाही, फाट्यावर उतरून गावापर्यंतचं चालणं होतं, तुम्हाला आठवड्याला दीडशे मिनिटं चालायचंच आहे ती अशीच भरतात. अडचण एवढीच की एसटी तुमच्या परिपाठाची वाट बघत नाही, आणि हाफ तिकीट त्यांना आहे, तुम्हाला फुल. त्यापेक्षा गाडीतूनच जा आणि येताना-जाताना कुठं एक फाट्यावर उतरून चालता येतंय का बघा, मार्चपासून ऊन लागेल तेव्हा सकाळच्या शाळेला. पहिले काही दिवस "सर वेडे झाले" म्हणतील. पळणाऱ्या अकरा लाख लोकांच्या घड्याळातल्या नोंदी तपासून २०१७ मधे असं निघालं होतं की आपला मित्र जास्त पळाला की त्या दिवशी आपणही जास्त पळतो, आणि कमी पळणारा जास्त पळणाऱ्याला जास्त ढकलतो, हा आपल्यापुढं जाऊ नये म्हणून. तुमच्या गाडीत जो स्वतःला पैलवान समजतो, असतोच एक, तो दुसऱ्या आठवड्यात तुमच्याबरोबर उतरला नाही तर मला कळवा.

घरात मात्र मॅडमनं एक करावं, संध्याकाळी खिसे तपासत असतील तर ते बंद करावं. तपासणी सुरू झाली की माणूस पुडी गाडीत ठेवायला शिकतो आणि गाडीतली दोस्ती अजून घट्ट होते, घरचे एका बाजूला आणि ते चौघं एका बाजूला. त्यापेक्षा जेवण झालं की दोघं मिळून पंधरा मिनिटं कॉलनीत चक्कर मारा, जेवणानंतरच्या शुगरला त्याचा उपयोग होतो आणि मॅडमचीपण शुगर एकदा तपासून घ्या. एकाच स्वयंपाकाचं जेवताय दोघं.

आता मुदत ठरवू. शेवटच्या पुडीपासून एक महिना. त्या महिन्यात तुम्ही स्पष्ट सांगितल्यानंतरही, गाडीवाल्या सरांनी सांगितल्यानंतरही कुणी मुद्दाम तुमच्या नाकापुढं पुडी नाचवत असेल, एकदा नाही तर रोज, तर मग बिनधास्त गाडी बदला, त्यात वाईट वाटून घ्यायचं काही नाही, दवाखान्यातल्या रात्रीचं ऋण फेडायचे दुसरे मार्ग आहेत. पण माझा अंदाज सांगू का, नाचवणारा एकच निघेल, आणि तोही दोन आठवड्यांत कंटाळेल. तीन महिने झाले की तीच शुगरची तपासणी परत करा, त्याच्या आधी करून उपयोग नाही, ती तीन महिन्यांचंच सांगते. रिपोर्ट आला की आकडा कळवा, कमी आला तरी आणि वाढला तरी, वाढला तर डॉक्टरांकडं आधी आणि मला नंतर.